मनिलाला गेलेल्या ताईस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसलो. खोली मिळाली, तांदूळ आपल्यासारखा मिळतो, ऑफिसातली माणसं बरी आहेत, हे ऐकून आई निवांत झाली. आणि ऑफिसखालच्या पूल हॉलमध्ये नाइन-बॉलच्या एका जुन्या व्यावसायिक चॅम्पियननी तुझा खेळ बघून स्वतःहून तुला टेबलावर बोलावलं, हे ऐकून माझा ऊर भरून आला. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, ‘शनिवारपासून थोडे पैसे लावून खेळू म्हणतायत.’ त्याबद्दल एकदाच लिहितो आणि विषय सोडतो. लावू नकोस. मामाचं काय झालं ते तू पाहिलंयस, ते मी पुन्हा उगाळत नाही.

आता खेळाचं. तू स्नूकरचाच क्यू, म्हणजे खेळायची काठी, घेऊन गेलीयस. त्याची टिप साडेनऊ मिलिमीटर, आणि तिथे बॉल आहे 57 मिलिमीटरचा, आपल्या साडेबावन्नपेक्षा मोठा आणि वजनालाही जास्त. खेळायला तो क्यू चालेल, पण ब्रेक, म्हणजे बॉल फोडायचा पहिला शॉट, त्याने मारू नकोस. टिप पसरते आणि तिच्याखालच्या फेरुलवर, म्हणजे टोपणावर, ताण येतो. ब्रेकला हॉलमधला जाड क्यू घे. शक्य झालं तर पहिल्या पगारातून 12-13 मिलिमीटर टिपचा मेपलचा क्यू घे, वजन 19 औंसाच्या आसपास. घरी पैसे पाठवायची घाई करू नकोस.

तिथल्या दमट हवेत दोन गोष्टी तुला छळतील. कापड ओल धरतं, त्यामुळे बॉल जड चालतो आणि कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, आखूड परततो. आणि हळू मारलेल्या कटला, म्हणजे तिरक्या शॉटला, बॉल एकमेकांना क्षणभर धरतात, म्हणून पॉट जाड जातो, बॉल हवा तेवढा वळत नाही. तुला वाटेल नेमच बिघडला. नेम बदलण्याआधी बॉल पुसून घे, मग हळू शॉटला किंचित पातळ धर किंवा कटच्या बाहेरच्या अंगाची थोडी साइड, म्हणजे बाजूची फिरकी, दे. लांबच्या स्टॉप शॉटला, जिथे पांढरा बॉल धडकेनंतर जागीच थांबवायचा असतो, तो पांढरा नेहमीपेक्षा खाली मार, कारण उलटी फिरकी वाटेतच संपते. हातावर पावडर थापू नकोस, कापडावर सांडते. हातमोजा घे.

सरांबरोबरचे तुझे रविवारचे गेम आठवतात का? तुला स्टुलावर उभं राहावं लागायचं. सर तेव्हा स्पर्धा खेळत होते, पण तुझ्यासमोर मुद्दाम चुकून तुला जिंकू दिलं, असं कधी झालं नाही. ते स्वतःलाच अट घालायचे. नऊ नंबरचा बॉल कुशनवरूनच घालायचा, किंवा अख्खी फ्रेम डाव्या हाताने. तुला ते खपायचं नाही, ‘उजव्या हाताने खेळा’ म्हणून तू भांडायचीस. मग ते उजव्या हाताने खेळायचे आणि तू फ्रेम संपेपर्यंत स्टुलावर बसून राहायचीस.

ते बसणंच मोलाचं होतं. सर शॉट मारताना सगळा हॉल पॉकेटकडे बघायचा, तू पांढऱ्याकडे बघायला शिकलीस. ते कापडावर कागद ठेवायचे आणि पांढरा त्या कागदावर थांबवायला सांगायचे. जमलं की कागदाची अर्धी घडी, मग पाव. दोन बोटं फाकवून कापडावर ठेवलेला त्यांचा हात मला अजून डोळ्यांपुढे दिसतो, नखाच्या कडेला निळा खडू. एक बोट पांढऱ्याच्या वाटेवर, दुसरं तो धडकेनंतर कुठे वळेल तिकडे. पांढरा घरंगळत येऊन पाव ते पाऊण जाडीत लागला तर साधारण 30 अंशांनी वळतो, स्टन असेल, म्हणजे न घरंगळता सरकत लागला, तर समोरच्या बॉलच्या वाटेशी काटकोनात सुटतो. हे त्यांनी तुला गणित म्हणून शिकवलं नाही. शॉट झाला की बॉल पुन्हा जागेवर मांडून विचारायचे, ‘पांढरा कुठे गेला? का गेला?’

पैसे लागले की बॉल पुन्हा मांडता येत नाहीत, ताई. प्रश्न विचारता येत नाही. समोरचा कितीही सज्जन असला तरी पुढचा शॉट तुला समजावून सांगणार नाही. आणि तू स्वतः अवघड शॉट टाळून सेफ्टी, म्हणजे नुसते समोरच्याला अडवणारे शॉट, खेळत बसशील. चॅम्पियनबरोबर मिळालेली संध्याकाळ अशी घालवायची का?

ते तुला म्हणतील, सवलत म्हणून मी तुला आठ देतो. म्हणजे नऊ घातला तरी तू जिंकलीस आणि आठ घातला तरी जिंकलीस. ऐकायला मोठं वाटतं. पण फ्रेमच्या शेवटापर्यंत टेबल तुझ्या हाती आलं तरच त्याचा उपयोग. त्यातही आठ कुठेही, कसाही पडला तरी चालतो की पॉकेट सांगून घालायचा, हे आधी विचारून घे. त्यापेक्षा आधी सात गेम जिंकायच्या शर्यतीत सुरुवातीलाच दोन-तीन गेम पुढे माग. मैत्रीच्या खेळात या सवलतीने रंगत येते. पैशाच्या खेळात ती किती घ्यायची याचा हिशोब ज्याला पक्का, तो ब्रेकच्या आधीच जिंकलेला असतो, आणि तो हिशोब त्यांचा चाळीस वर्षांचा. पुन्हा पैशांवर आलो. राहू दे.

पुश-आउट मात्र नीट खेळ. ब्रेकनंतर लगेचच्या शॉटला, आधी लागायलाच हवा तो सगळ्यात लहान नंबरचा बॉल दिसत नसेल तर पुश म्हण. मग पांढरा हवा तिथे ढकलता येतो, आणि तिथून कोणी खेळायचं हे ते ठरवतात. म्हणून ढकल, आणि पांढरा अशा जागी ठेव की लांबचा पण सरळ पॉट उरेल. अडलेल्या जागी ठेवलास तर किक मारण्यात, म्हणजे कुशनवरून बॉल गाठण्यात, ते तुझ्या कितीतरी पुढे असणार. ओळीने तीन फाउल झाले की फ्रेम जाते, दोन झाल्यावर सांगायचा नियम आहे. त्यांनी सांगितलं तर राग मानू नकोस.

तू म्हणशील, बाबा, फिलिपिन्सचे मोठे पूलपटू एफ्रेन रेयेसही पैशांवर खेळूनच मोठे झाले. खरं आहे. तेही त्याच मनिलात काकांच्या हॉलमध्ये कोका-कोलाच्या क्रेटवर उभे राहून शिकले. 1985 मध्ये अमेरिकेत सीझर मोरालेस या नावाने खेळले, 1994 मध्ये नाइन-बॉलची यूएस ओपन जिंकणारे पहिले बिगर-अमेरिकन झाले, 1999 मध्ये कार्डिफला जगज्जेते झाले. 1996 मध्ये हाँगकाँगला अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडशी आधी 120 गेम जिंकायची शर्यत होती, जिंकणाऱ्याला एक लाख डॉलर, आणि रेयेस 120-117 ने जिंकले. पण त्यांचं पोट त्यावर होतं. तुला पगार आहे. अमेरिकेचे पूलपटू विली मॉस्कोनींचंही बघ. 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला त्यांनी ओळीने 526 बॉल घातले, तो प्रदर्शनाचा सामना होता. पैसे लावून खेळणाऱ्यांच्या नादी लोकांनी लागू नये, असं ते उघड सांगत. आणि आपले पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, ते हौशी स्पर्धेतच.

व्याख्यान झालं, माफ कर. तू सव्वीस वर्षांची आहेस, स्वतःच्या हिमतीवर परक्या देशात गेलीयस. त्याच देशाच्या रुबिलेन अमित 2024 मध्ये नाइन-बॉलच्या महिला जगज्जेत्या झाल्या, त्याआधी 2009 आणि 2013 मध्ये टेन-बॉलच्या. तिथल्या हॉलमध्ये मुलगी क्यू घेऊन उभी राहिली तर कोणी वळून बघत नाही, असं तू म्हणालीस. इथे बघायचे. तेवढ्यासाठी तरी तू तिथे खूप खेळावंस असं मला वाटतं.

त्या गृहस्थांना मान दे. टेबलाचं भाडं तू भर, खाणं तू सांग, तो त्यांच्या वेळेचा मोबदला समज. हरल्यावर द्यायचे पैसे वेगळे आणि हे वेगळे. त्यांनी आग्रह केलाच तर माझं नाव सांग, घरून सक्त मनाई आहे म्हण. ते वाईट वाटून घेणार नाहीत. आणि घेतलंच, तरी लावू नकोस.

बंड्याने तुझी जुनी खडूची डबी शोधून ठेवलीय, भडंगाच्या पार्सलमध्ये घालतो. आईचं गुडघ्याचं औषध बदललंय, काळजीचं काही नाही. शनिवारी कापड कसं चाललं, त्यांनी किती गेम पुढे दिले आणि पैशांचं काय ठरलं, ते कळव. पैशांचं आधी कळव.

तुझे,
बाबा