सावली सरकते, हे धरून चला

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

आपल्या चर्चच्या मंडळीच्या उन्हाळी स्नेहमेळाव्याची जबाबदारी या वर्षी तुमच्याकडे आली आहे, हे बाबांच्या पत्रातून समजले आणि आनंद झाला. सोबतचा आराखडा मी दोनदा वाचला. खेळ आणि गीते यांबद्दल मला काहीच सुचवायचे नाही. बोलायचे आहे ते वेळेबद्दल. उपासना संपताच अकराला आरंभ करून चारपर्यंत मेळावा चालवणे सोयीचे असले, तरी ऊन सर्वांत प्रखर असते ते नेमके त्याच वेळात, आणि आपल्या मंडळीत सत्तरी ओलांडलेली माणसे किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. सर्वांनी घरी जाऊन विश्रांती घ्यावी आणि पाचला पुन्हा जमावे, एवढा एक बदल केला तरी निम्मी काळजी मिटेल. लोक परत येणार नाहीत, असे बाबा म्हणतील. काहीजण येणार नाहीत, हे मान्य. परंतु जे येतील ते शेवटच्या प्रार्थनेपर्यंत थांबतील.

मागच्या मेळाव्यात काय झाले ते आठवा. सकाळी मांडव घातला तेव्हा ज्येष्ठांच्या खुर्च्या सावलीत होत्या; दोन वाजेपर्यंत सावली भिंतीपाशी सरकली आणि पहिली रांग भर उन्हात बसून राहिली, कारण प्रार्थना चालू असताना उठायचे कसे, हा प्रत्येकाचा संकोच. शेजारच्या आजी खुर्चीतच कलंडल्या, तेव्हा कुठे आपली धावपळ सुरू झाली. म्हणून या वेळी आदल्या रविवारी, मेळाव्याच्याच वेळेला, जागेवर जाऊन सावली कुठे पडते ते पाहून घ्या आणि मगच खुर्च्यांची जागा ठरवा.

पाण्याचे पिंप भरून ठेवले की काम झाले, असे मात्र समजू नका. वय वाढते तशी तहान कमी जाणवते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या शरीरातले पाणी अधिक लवकर कमी होते. त्यात, बाबा, तुम्ही स्वतः बाहेर जायचे असले की सकाळपासून पाणी टाळता. स्वच्छतागृह लांब असेल, ही धास्ती. तुमच्यासारखे मंडळीत बरेच असणार. तेव्हा ज्येष्ठांची बैठक स्वच्छतागृहाजवळ असावी, तिथवरची वाट सपाट असावी आणि तिच्यात मांडवाची दोरी किंवा विजेची वायर आडवी नसावी. तरुण संघातील दोघांनी पाण्याचे पेले घेऊन रांगांतून फिरत राहावे. समोर धरलेला पेला सहसा कोणी परत पाठवत नाही.

आई, जेवणाचे तुझ्याकडे आहे, म्हणून हे तुला लिहितो. 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे शिजवलेले पदार्थ दोन तासांहून अधिक, आणि हवा 32 अंशांच्या वर तापली असेल तर एका तासाहून अधिक, उघड्यावर राहू देऊ नयेत. उरलेले डब्यात भरून प्रत्येकाच्या हातात देण्याची तुझी सवय मला प्रिय आहे, पण त्या दिवशी ती आवर. घरोघरून येणाऱ्या डब्यांवर शेंगदाणे, दूध, अंडे यांपैकी काय आहे ती चिठ्ठी चिकटवायला सांग.

मुलांसाठी नोंदवही आणि कायम किमान दोन मोठी माणसे हवीत. जनरेटर मांडवापासून दूर ठेवावा, कारण त्याचा धूर विषारी असतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर मांडवाच्या भरवशावर न राहता सर्वांना इमारतीत न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू देऊ नये. एखाद्याचे अंग तापलेले असून तो असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून आधी रुग्णवाहिका बोलवावी, मग त्याला सावलीत नेऊन अंग ओले करून वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर पाणी पाजू नये. रुग्णवाहिका आत येईल एवढी वाट गाड्या लावताना मोकळी सोडायला हवी, हे आपण दर वेळी विसरतो.

मी आदल्या दिवशीच येतो. मांडव बांधून घेण्याचे काम माझ्याकडे द्या. बाबांनी खुर्चीत बसून सूचना कराव्यात. पाळकसाहेबांशी वेळेबद्दल मात्र याच आठवड्यात बोला, कारण निमंत्रणपत्रिका एकदा छापून आल्या की मेळावा अकरालाच सुरू होणार.

तुमचा,
धाकटा