पिव्हट स्टिअर टेलिहँडलर घेताना वळलेल्या स्थितीतली उचल विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोठा आणि मुरघास यांच्या यांत्रिकीकरणावरील लेखांमध्ये हल्ली टेलिहँडलरचा, म्हणजे लांब-आखूड होणाऱ्या हाताने (बूमने) माल उचलणाऱ्या यंत्राचा, उल्लेख होऊ लागला आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र यंत्राची ओळख बहुतेक वेळा दोनच आकड्यांवर थांबते: किती टन उचलतो आणि किती मीटर उंच जातो. सरळ चॅसिसच्या (एकसंध सांगाड्याच्या) टेलिहँडलरला एवढ्यावर निदान प्राथमिक अंदाज तरी बांधता येतो. पिव्हट स्टिअर, म्हणजे मधल्या सांध्यात वाकून वळणाऱ्या यंत्राच्या बाबतीत मात्र हेच दोन आकडे घेणाऱ्याला फसवतात. यात पैसा मोठा आहेच, शिवाय ऑपरेटरच्या जिवाचाही प्रश्न आहे. म्हणून हे सविस्तर पत्र.

आपल्याकडे बांधकामावर दिसणारा टेलिहँडलर बहुधा एकसंध चॅसिसचा असतो. त्याची कॅबिन डावीकडे असते, बूम मागून निघून कॅबिनच्या उजव्या बाजूने पुढे जाते आणि चारही चाके वळतात. पिव्हट स्टिअरमध्ये चॅसिसचे दोन तुकडे मध्यभागी उभ्या पिनांनी जोडलेले असतात. दोन्ही ॲक्सलची चाके सरळच राहतात, वळते ते यंत्राचे अंग. बूम मधोमध, चालक मधोमध, त्यामुळे फोर्कची, म्हणजे माल उचलायच्या काट्यांची, दोन्ही टोके आणि दोन्ही बाजूंची माणसे त्याला सारखी दिसतात. ही जात खरी रुजली ती ब्रिटनच्या दुग्ध आणि पशुपालन शेतीत. ग्लॉस्टरशायरमधल्या टेटबरीच्या मॅटब्रोने ती तिथे घरोघरी पोहोचवली. आज जेसीबीची टीएम मालिका, मॅनिटूची एमएलए-टी आणि जर्मनीच्या शेफर व वायडेमान यांची छोटी-मोठी यंत्रे हेच काम करतात. दिवसात शेकडो वेळा पुढे-मागे करायचे, बकेट भरायची, गव्हाणीत किंवा मिक्सर वॅगनमध्ये (चारा मिसळणाऱ्या गाडीत) ओतायची, शेण ढकलायचे, अशा कामात ते सरळ चॅसिसच्या यंत्रापेक्षा चपळ ठरते. मागची चाके पुढच्यांच्याच मागावर चालतात आणि शेपूट बाहेर फेकले जात नसल्याने गव्हाणीच्या कठड्याला धक्का लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. बूमवरचे वजन पुढच्या ॲक्सलवर तोलले जाते आणि मागचा अर्धा भाग त्याचा प्रतिभार असतो. समजा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर, 2.8 मीटर आहे आणि सांधा बरोबर मध्ये, म्हणजे दोन्हीकडे 1.4 मीटर. यंत्र 40 अंशात पूर्ण वळले की मागच्या 1.4 मीटरचे पुढच्या ॲक्सलपासून मोजायचे अंतर 1.07 मीटरच भरते. एकूण 2.8 चे 2.47 मीटर झाले, म्हणजे प्रतिभाराची तरफ सुमारे 12 टक्क्यांनी आखूड झाली. शिवाय मागचा ॲक्सल सुमारे 90 सेंटिमीटर वळणाच्या आतल्या बाजूला सरकला. म्हणजे बाहेरचे पुढचे चाक आणि मागच्या ॲक्सलचा मध्य यांना जोडणारी आधाराची कडा यंत्राच्या वजनाच्या जवळ आली. म्हणून बूम वर आणि पूर्ण वळण अशा अवस्थेत, विशेषतः बाहेरची बाजू उताराकडे असेल तर, यंत्र कलंडण्याचा धोका वाढतो. सरळ चॅसिसच्या यंत्रात चाके वळली तरी मागचे वजन जागचे हलत नाही.

त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारावा: पूर्ण वळलेल्या स्थितीत पलटी-भार, म्हणजे ज्या भाराला यंत्र कलंडू लागते तो, किती? तो बूम आत घेऊन किती आणि पूर्ण बाहेर काढून किती? हे कागदावर लिहून मागावे. दुसरा प्रश्न, जाहिरातीतली उचल कोणत्या नियमाने काढली आहे? लोडरच्या युरोपीय मानकात बकेटसाठी पलटी-भाराच्या 50 टक्के, फोर्कसाठी सपाट टणक जमिनीवर 80 टक्के आणि ओबडधोबड जमिनीवर 60 टक्के एवढाच भार मान्य आहे. एकाच यंत्राचे तीन आकडे होतात आणि जाहिरातीत अर्थातच सगळ्यात मोठा छापला जातो. दोन कंपन्यांची तुलना करायची तर एकाच नियमाचे आणि एकाच भारकेंद्राचे आकडे समोरासमोर ठेवावे लागतात. भाराचा मध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून 500 मिलिमीटरवर धरला की 600 वर, एवढ्यानेही फरक पडतो.

नंतर आपला माल मोजावा. मोकळा मुरघास बकेटमध्ये घनमीटरला साधारण 350 ते 450 किलो भरतो, मका 700 च्या वर, ओले शेणखत 800 ते 900, गायींच्या बैठकीची वाळू 1,600 किंवा त्याहून जास्त. दोन घनमीटरची बकेट मुरघासाला उत्तम. तीच वाळूने काठोकाठ भरली की माल 3,200 किलो आणि बकेटचे स्वतःचे 500 किलो धरले तर 3,700 किलो झाले. तीन टनांच्या वर्गातल्या यंत्राच्या उचलीबाहेर हे तिथेच जाते. म्हणून वाळूसाठी एक घनमीटरची वेगळी बकेट यंत्राबरोबरच घ्यावी, ऑपरेटरने अर्धीच भरावी अशी अपेक्षा ठेवून चालत नाही. ग्रॅब (पकडायचा पंजा), ब्लॉक कटर (मुरघास कापणारा) आणि बेल, म्हणजे चाऱ्याचे दाबून बांधलेले गठ्ठे, पकडायचा चिमटा यांचे वजनही उचलीतूनच वजा होते.

उंचीच्या बाबतीत या जातीकडून फार मागू नये. जेसीबी टीएम 320 ची उचल 3.2 टन आणि उंची 5.2 मीटर, मॅनिटूचे 533 मॉडेलही त्याच आसपासचे. 90 सेंटिमीटर जाडीच्या चौकोनी बेलच्या थरात सहाव्या बेलचा तळ 4.5 मीटरवर येतो, तिथपर्यंत फोर्क जमतो. सातव्या थराला 5.4 मीटर लागतात, तिथे हे यंत्र संपले. 1.2 मीटर व्यासाचे गोल बेल एकावर एक ठेवून मधोमध सुळा घालायचा तर चौथा थर 4.2 मीटरवर बसतो, पाचवा बसत नाही. पुढे पोहोचही बेताची असते. ट्रकच्या एका बाजूला उभे राहून पलीकडची रांग भरायची असेल तर सरळ चॅसिसचे सात मीटरचे यंत्रच हवे. पाचटाचे किंवा भुशाचे बेल उंच रचणे हेच ज्यांचे मुख्य काम, त्यांनी पिव्हट स्टिअरच्या मोहात पडू नये.

प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या मैदानावर न घेता आपल्या गोठ्यात घ्यावे. आधी चुन्याने बोळाची खरी रुंदी, वळणाची जागा, फाटक आणि छताचा सर्वांत खालचा बीम आखून-मोजून ठेवावा. यंत्र आल्यावर सगळ्यात जड नेहमीचा माल आधी वजनकाट्यावर तोलावा, मग तो भरून बोळात काटकोनात वळायला लावावे. बूम पूर्ण खाली ठेवून एकदा आणि मिक्सर वॅगनच्या काठाएवढी वर घेऊन अगदी सावकाश दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी आजूबाजूला कोणी उभे राहू नये. भारसूचकाचे दिवे कधी पिवळे, कधी लाल होतात ते सरळ आणि वळलेल्या दोन्ही स्थितींत पाहावे. आणि ऑपरेटरला एक गोष्ट पक्की शिकवावी: मागची चाके हलकी वाटली की बूम खाली आणायची नाही, आधी आत घ्यायची. वर असलेली बूम खाली येताना पुढे जाते आणि तोल आणखी बिघडतो. घाबरलेला माणूस नेमके तेच करतो.

जोडणीच्या फ्रेमचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यात बराच पैसा जातो. बूमच्या टोकाची ही फ्रेम, म्हणजे कॅरेज, प्रत्येक कंपनीचा वेगळा. आधीची बकेट, ग्रॅब, फोर्क असतील तर नवीन यंत्राचा कॅरेज त्यांना बसणारा मागवावा. मधे ॲडॉप्टर घातला की भार तेवढा पुढे सरकतो आणि ॲडॉप्टरचे वजनही वाढते, म्हणजे उचल दोन्हीकडून घटते.

हायड्रोस्टॅटिक गिअर (पंपाच्या तेलदाबाने यंत्र चालवणारा) की टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून नेहमीच्या गिअरला जोर देणारा), हे कामावर ठरते. गव्हाणीजवळ इंच-इंच सरकायला हायड्रोस्टॅटिक सुखाचा. मुरघासाच्या खड्ड्यात दिवसभर ढकलणे किंवा रस्त्याने ट्रेलर ओढणे असेल तर टॉर्क कन्व्हर्टर आणि पॉवरशिफ्ट गिअर बरा, तिथे हायड्रोस्टॅटिकचे तेल तापते. पंप मिनिटाला 140 लिटरच्या आसपास आणि मागणीनुसार प्रवाह बदलणारा असेल तर बूम उचलता उचलता ग्रॅबही बंद करता येतो. साध्या गिअर पंपावर एकाच्या वेळी दुसरे मंदावते. भुसा आणि केसाळ धूळ रेडिएटरची जाळी भरून टाकते, म्हणून उलटा फिरणारा पंखा मागून घ्यावा. नव्या इंजिनांत काजळीचा फिल्टर असतो. पाच-दहा मिनिटे चालवून बंद केलेले इंजिन तो जाळून साफ करण्याएवढे तापत नाही आणि फिल्टर तुंबतो. साफसफाईचा इशारा आला की इंजिन बंद न करता ते चक्र पूर्ण होऊ द्यावे.

जुने यंत्र घेणाऱ्याने तास दाखवणाऱ्या मीटरपेक्षा मधल्या सांध्यावर जास्त वेळ घालवावा. यंत्र सपाट जागी उभे करावे. दोघांनी मिळून हे बघायचे: ऑपरेटरने बकेट जमिनीवर दाबून पुढची चाके थोडी उचलावीत आणि सोडावीत. दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून, वाकणाऱ्या भागाच्या कक्षेबाहेर राहून, टॉर्चच्या उजेडात वरच्या आणि खालच्या पिनेकडे पाहावे. चॅसिसचे दोन कान एकमेकांवर वर-खाली सरकताना दिसले किंवा टक् असा आवाज आला तर पिन-बुश गेले. नुसते बुश बदलून भागते तेव्हा खर्च आटोक्यात असतो, पण कानाचे भोकच अंडाकृती झाले असेल तर वेल्डिंग करून पुन्हा बोअर करावे लागते. ग्रीसच्या निपलभोवती ताजे ग्रीस नसून वाळलेले शेण असेल तर समजावे की तिथे पंप लागलेलाच नाही. शेण आणि मुरघासाचे आम्ल सील खाते, पाणी आत जाते आणि पिन गंजते. खालची पिन आधी जाते, कारण धुताना आणि चिखलात तीच बुडते. त्याच सांध्यातून होज पाइप, वायरिंग आणि प्रोपेलर शाफ्ट जातात. यंत्र पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे, मग सरळ करून इंजिन बंद करावे, सांध्याची लॉकिंग पट्टी लावावी, मगच हात आत घालून घासलेले होज तपासावेत. पट्टी जागेवर नसेल तर ती मिळेपर्यंत हात घालू नये. स्टिअरिंग जॅकच्या पिना, मागच्या ॲक्सलच्या झोक्याचे बुश आणि बूमच्या घसरपट्ट्या यांचाही ढिलेपणा बघावा. चारही टायर एका मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. मागे जुने आणि पुढे नवे असतील तर कायम चारचाकी चालणाऱ्या यंत्रात गिअरवर ताण येतो.

पंचवीस-पन्नास जनावरांच्या गोठ्याला हे यंत्र लागत नाही, ट्रॅक्टरचा लोडर पुरतो. रोज कित्येक टन मुरघास काढून वाटणारे मोठे गोठे, चारा विकणाऱ्या शेतकरी कंपन्या आणि बायोगॅस प्रकल्प यांनीच विचार करावा.

आपल्याकडे विनंती अशी की टेलिहँडलर किंवा लोडरची ओळख छापताना उचल आणि उंची यांच्या शेजारी पूर्ण वळणातला पलटी-भार आणि कोणत्या भारकेंद्रावर तो मोजला हेही छापावे. कंपनीने तो आकडा दिला नाही तर 'दिला नाही' असे छापावे. विक्रेत्यांनीही कॅबिनमधला भार-तक्ता मराठीत लावून द्यावा. यंत्र चालवणारा बहुतेक वेळा मालक नसतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर असतो तो फक्त तोच कागद.

आपला,
शेतीयंत्रांच्या देखभालीत काम करणारा एक वाचक
पुणे