मे महिन्यातली कोकणफेरी: पैसे वाचतात ते घरातून निघण्याआधी

पुणे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दापोली, गुहागर, गणपतीपुळे असा पाच दिवसांचा बेत आहे आणि खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, असं तू म्हणालीस. मग आधी आकडे मांडून बघू. ताम्हिणी घाटावरून दापोली साधारण १९० किलोमीटर. तिथून फेरीबोटीनं गुहागर पन्नास, पुढं गणपतीपुळे साठ. परत पुण्याला आंबा घाटानं ३३०. तिथलं हिंडणं शंभर धर. एकूण ७३०. तुमच्या गाडीनं लिटरला १६ चं ॲव्हरेज दिलं तर ४६ लिटर पेट्रोल लागेल, आणि लिटरला १०५ रुपये धरले तर पावणेपाच-पाच हजार होतील. गाडी वाईट चालवली, टायरमध्ये हवा कमी असली आणि ॲव्हरेज १३ वर आलं, तर हजार-अकराशे रुपये जास्त जातील. हा फरक लहान नाही. पण खोलीमागे शनिवार-रविवारी हजार रुपये जास्त मोजलेस, तर दोन खोल्यांचे दोन रात्रींतच चार हजार होतात. म्हणून पेट्रोलच्या आधी तारखेकडे बघ.

पोरांना मे महिनाभर सुट्टी आहे, रजा तुम्हा दोघांना काढायची आहे. ती सोमवार ते शुक्रवार काढा. रविवारी दुपारी सगळं पुणं-मुंबई परतीला लागलेलं असतं, तेव्हा सोमवारी पहाटे निघालात की खोल्याही मोकळ्या आणि रस्ताही मोकळा. मुक्कामाला जाणाऱ्यांनी शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, ही सवयच सगळ्यांत महाग पडते. एक मेला जोडून सुट्ट्या आल्या असतील तर तो आठवडा सोडूनच दे.

खोली ठरवताना ॲपवर भाव बघ, पण नंतर थेट मालकाला फोन कर. ॲपचं कमिशन त्याच्या खिशातून जातं, त्यामुळे थेट बोलणाऱ्याला तो बऱ्याचदा काही कमी करून देतो. फोनवर एवढं विचारून घे: एसीचे वेगळे पैसे आहेत का, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, जादा गादीचे किती, कितव्या वर्षापर्यंत मुलाचे पैसे लागत नाहीत, गाडी आवारात लागते का, आणि बेत रद्द झाला तर आगाऊ रकमेचं काय. तुम्ही चौघं आहात, दोन खोल्यांऐवजी एक मोठी खोली आणि दोन गाद्या पुरतील. आगाऊ रक्कम थोडीच पाठव, आणि पाठवताना खात्यावर दिसणारं नाव मालकाचंच आहे ना, ते वाच. सुट्टीत दुसऱ्याच्या घराचे फोटो लावून पैसे उकळणारे असतात. फोटोतली ओसरी किंवा अंगण व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगितलंस की खरं-खोटं लगेच कळतं.

घरगुती मुक्कामात जेवण माणशी असतं. किती पानं हे आदल्या रात्री सांगावं लागतं, कारण बाजार त्या हिशेबानं होतो. सांगून बाहेर जेवून आलात तरी पैसे द्यावे लागतात, आणि ते रास्तच आहे. मुलांचं अर्धं पान आधी सांग. मासे खायचे असतील तर पापलेट-सुरमईचा भाव ताट समोर येण्याआधी विचार, तो तुकड्याच्या आकारावर ठरतो. बांगड्याचं ताट त्याच स्वयंपाकघरातलं आणि खूप स्वस्त. एक लक्षात ठेव, एक जून ते एकतीस जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बेत जूनमध्ये सरकला तर ताज्या मासळीच्या नावानं बर्फातली मासळी महागात खाशील.

आता गाडी. निघायच्या आठवडाभर आधी, निघायच्या दिवशी नव्हे, कूलंटची पातळी, ब्रेक, वायपर, बॅटरी आणि स्टेपनीतली हवा बघून घे. स्टेपनी सगळे विसरतात. टायरची हवा गार गाडीत मोजायची. चार-पाच किलोमीटर चालवून पंपावर गेलीस की आकडा जास्त दिसतो आणि हवा मात्र कमी भरली जाते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो तक्ता चिकटवलेला असतो, त्यात पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो. चार माणसं आणि भरलेली डिकी म्हणजे तोच भरायचा. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, तापते, आणि मे महिन्याच्या डांबरावर फुटते. टपावरचं कॅरिअर काढून ठेव, रिकामं असलं तरी ते वारा अडवतं.

परत येताना कराडनंतर मोठा महामार्ग लागला की पाय जड होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो: ८० ऐवजी ११० ने गेलीस तर तो जवळजवळ दुप्पट होतो, आणि पुण्यात जेमतेम तीस-चाळीस मिनिटं आधी पोचशील. ८०-८५ वर खिडक्या बंद करून एसी लावलास तरी चालतं. उन्हात उभी गाडी सुरू करताना मात्र आधी दोन मिनिटं खिडक्या उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ दे, मग एसी आतल्या हवेवर लाव.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आजच्या इंजिनात गिअरमध्ये पाय उचलला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते खर्चच होतं, वर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून निकामी झाले तर ताम्हिणीच्या वळणावर काहीच हातात राहत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतर.

ॲव्हरेज बघायचं तर डॅशबोर्डच्या आकड्यावर विसंबू नकोस. टाकी फुल्ल कर, ट्रिप मीटर शून्य कर, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करताना जेवढे लिटर गेले त्यानं किलोमीटरला भाग. पिरंगुट किंवा पौडला टाकी भरून घे, कारण पुढं घाटात पंप नाही आणि बऱ्याच पट्ट्यात फोनही लागत नाही. पहाटे पाचला चांदणी चौक सोडलात तर भूगाव-पिरंगुटची गर्दी लागत नाही.

टोलचं लांबण लावत नाही. ताम्हिणीच्या वाटेवर टोल नाही. परतीला कराडहून तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे तीन लागतील. फास्टॅगमध्ये शिल्लक ठेव, बंद पडलेला टॅग असला की जास्तीचे पैसे जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये वार्षिक पास आला, तेव्हा तो ३००० रुपयांचा होता. वर्षभर किंवा २०० टोल, जे आधी संपेल ते. टोलला सरासरी शंभर धरले तर तीस टोल झाल्यावर तो वसूल होतो, म्हणजे कराडपर्यंत जाऊन-येऊन पाच खेपा. तुम्ही तेवढं जात नसाल तर घेऊ नकोस. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबईच्या द्रुतगती मार्गावर नाही. आणि एखादा टोल चुकवायला चाळीस किलोमीटरचा वळसा घेऊ नकोस, त्यापेक्षा जास्त पेट्रोलमध्ये जातील.

खरा वळसा वाचतो तो फेरीबोटीत. दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट पलीकडं गेलीस की खेड-चिपळूणमार्गे होणारे शंभरएक किलोमीटर निम्म्यावर येतात. तवसाळ ते जयगडही तसंच, गुहागरहून गणपतीपुळ्याला चिपळूणला वळावं लागत नाही. फेरीचं तिकीट गाडी आणि माणसं मिळून असतं आणि पेट्रोलच्या बचतीपेक्षा कमीच भरतं. शेवटच्या फेरीची वेळ मात्र मुक्कामाच्या मालकाला त्या दिवशी विचार. ती चुकली तर सगळा वळसा रात्रीच्या अंधारात पडतो.

वाटेतलं खाणं घरून न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि धपाटे दीड-दोन दिवस टिकतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसणाची चटणी, गुळाची ढेप. ओल्या नारळाची चटणी, बटाट्याची भाजी आणि कांदा घातलेले पोहे नेऊ नका, मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत ते दुपारपर्यंत आंबतात आणि मग डॉक्टरचा खर्च सगळ्या बचतीवर पाणी फिरवतो. पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवून डब्यांच्या भोवती ठेव, खाणं गार राहतं आणि नंतर पिताही येतं. वीस लिटरचा तोटीवाला पाण्याचा जार डिकीत असला की बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत. ताम्हिणीआधी पोरांना तळलेलं देऊ नकोस, उपाशीही ठेवू नकोस. अर्धी दशमी आणि खिशात आलेपाक पुरे.

दोन ठिकाणं मात्र अशी, जिथं हात आखडायचा नाही. टायरची नक्षी झिजली असेल तर नवे टायर टाकूनच निघा. पाच दिवस सलग गाडी चालवायला तू एकटीच असशील तर गणपतीपुळ्याहून परतताना एका दमात ३३० किलोमीटर ओढू नकोस. कराडला किंवा साताऱ्याला एक साधी खोली घ्या, त्या पैशाचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आंबे तिथूनच घे, बागायतदाराकडून थेट. महिन्याच्या उत्तरार्धात भाव उतरतात. पेटी घेताना वरचा थर बघून थांबू नकोस, खालची दोन फळं काढून बघ. पिकलेले न घेता कडक घे, कारण तापलेल्या डिकीत एका दिवसात फळ मऊ पडतं. पेटी मागच्या सीटच्या पायाशी, एसीच्या गारव्यात ठेव, आणि वर बॅग ठेवू नकोस.

तारखा ठरल्या की कळव. दशम्या आदल्या दिवशी करून ठेवते, चटण्याही. जावईबापूंना सांग, गाडीची कागदपत्रं आणि पीयूसीची तारीख त्यांनी आजच बघून ठेवावी.

सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी आई