लाकडाची दगडी आठवण

काश, तुर्कस्तान
४ मे

प्रिय नंदू,

गावाचं नाव वाचून हसू नकोस. सिनेमातली माणसं उसासा टाकून म्हणतात ना, तेच हे ‘काश’. आल्यापासून दहादा तरी म्हटलं असेल, तुझ्या गुडघ्याने आयत्या वेळी दगा द्यायला नको होता.

इथे फिरायला ‘डोल्मुश’. म्हणजे आपली वडापच रे! शब्दाचा अर्थही ‘भरलेली’. भाज्यांत भात भरून करतात त्या डोल्म्याचा हा सख्खा भाऊ. भरल्या वांग्यासारखे कोंबून बसलो. रस्ता एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट खाली निळं पाणी असा वळतो. खिडकी मिळाली म्हणून खूश झालो आणि तिसऱ्या वळणावर डोळे मिटून घेतले. समुद्राचं वर्णन करत नाही, फोटो पाठवलेत.

सांगायचंय ते वेगळंच. काल डेमरेला गेलो होतो. गावाभोवती टोमॅटोची पॉलिहाऊसंच पॉलिहाऊसं, त्यांच्यामागे एकदम उभा कडा, आणि कड्यात एकावर एक घरं कोरलेली. घरं कसली, थडगी! हे जुनं मायरा, या किनाऱ्यावरच्या प्राचीन लिशियन लोकांचं. थडगी साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीची. जवळ गेलो आणि थबकलो. अखंड दगडात तुळया कोरल्यात, चौकटी कोरल्यात, छपराखाली वाशांची गोल टोकं ओळीने बाहेर काढलीत. कशालाही आधार न देणारी टोकं! दगडाला वासे कशाला लागतात?

कार्ल्याला तू हेच विचारलं होतंस, आठवतं? एकवीरेच्या पायऱ्या चढून धापा टाकत आपण लेण्यात शिरलो. वरच्या कमानीला खरेखुरे लाकडी वासे बघून तू म्हणालास, “डोंगर आहे की वर, वासे काय धरून ठेवतायत?” सुताराचा मुलगा तू, तुलाच ते खटकणार. तिथे निदान लाकूड तरी खरं आहे. इथे तेही दगडाचंच. घर म्हणजे लाकडाचं, हे हाताला इतकं सवयीचं की मेलेल्यासाठी दगडात कोरतानाही छिन्नी वासेच काढत बसली. त्यांची खरी लाकडी घरं कधीच गेली. ती कशी होती हे आता या थडग्यांवरूनच ताडायचं.

परवा झॅन्थस पाहिलं, लिशियनांचं मुख्य शहर. तिथे मात्र बसूनच राहिलो. इसवी सनापूर्वी ५४० च्या सुमारास हार्पागस इराणी फौज घेऊन आला. लढाई हरतोय हे दिसल्यावर इथल्या पुरुषांनी बायकामुलं, नोकरचाकर, चीजवस्तू किल्ल्यात नेऊन आग लावली आणि स्वतः बाहेर पडून लढत मेले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय. शाळेत चितोडचा जोहार वाचला होता, पण इथे चटका वेगळाच बसला. हेरोडोटस म्हणतो, ऐंशी कुटुंबं त्या वेळी बाहेरगावी होती, ती तेवढी वाचली. परत येऊन त्यांनी काय पाहिलं असेल रे? आणि इसवी सनापूर्वी ४२ मध्ये, सीझरला भोसकणारा ब्रूटस चालून आला तेव्हा, गावाने पुन्हा स्वतःला जाळून घेतलं.

तिथल्या उंच खांबावरच्या थडग्यावर सुंदर शिल्पपट्टी आहे. मन लावून बघितली, मग कळलं की ती साच्यातून काढलेली नक्कल आहे. मूळ पट्टी इंग्रजांनी १८४० च्या दशकात लंडनला नेली. नकलेसमोर उभं राहून हळहळणारा मी एकटाच नसेन.

आज होडीने सिमेनाला गेलो. भूकंपांनी किनारा खचलाय, त्यामुळे एक दगडी शवपेटी चक्क पाण्यात उभी आहे. झाकण उलट्या होडीसारखं. होडीतून उतरताना माझी चप्पल निसटून पाण्यात पडली, ती नावाड्याने वल्ह्याने काढून दिली. तो मराठीत हसला म्हण, काही फरक पडत नाही.

काशच्या बाजारातही, गालिच्यांच्या दुकानांमध्ये, अशीच एक पेटी आहे. तिच्या सावलीत मांजर झोपतं. कुणी बाजूला करत नाही, ना पेटीला ना मांजराला.

एक कळव. छपराखाली बाहेर डोकावणाऱ्या वाशाच्या टोकाला तुझे वडील एक शब्द वापरायचे. काल त्या कड्याखाली अर्धा तास आठवत होतो, आठवला नाही.

तुझा,
बाळ्या