तिकडचं पाणी गार आहे

हर्णै
भाद्रपद वद्य चतुर्थी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या कॅनडातल्या बोटीच्या सफरीवरून बोलताना फोन मीच बंद केला. तू पुढे काहीतरी बोलत होतीस, तेही ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. "एवढ्या पैशांत इथलं छप्पर झालं असतं" हे मी बोलायला नको होतं. पैसे तुझे, रात्रपाळ्याही तुझ्याच. छपराला अजून दोन पावसाळे काही होत नाही. ते शब्द मागे घेतो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. शेजारचा सोहम पानांचे फोटो काढून तुला पाठवील. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर, बेला बेलाला, जाणाऱ्या विमानात बसण्याआधी सगळं वाच. नंतर बोटीवर आठ दिवस फोन लागणार नाही असं तू म्हणालीस, आणि खरं सांगतो, माझं डोकं फिरलं ते तिथेच.

तू जा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना बाबा आडवे येताहेत असं तुला वाटायला नको.

मला फक्त तुझ्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. "मी हर्णैची आहे बाबा, मला पोहता येतं." मनू, तुला पोहता येतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? पण ते पोहणं आपल्या पाण्यातलं. आपला समुद्र वर्षभर अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतो. आजोबा रिकाम्या पिंपाला धरून चौदा तास तरंगले आणि सकाळी दाभोळच्या लाँचने त्यांना उचललं, ते त्या कोमट पाण्याच्या जिवावर. ही गोष्ट तू पाळण्यापासून ऐकलीस. आपल्या घरातली माणसं पाण्याला पुरून उरतात असं तुझ्या मनात बसलं आहे. माझ्या भाऊबद्दल आम्ही तुला कधी नीट सांगितलंच नाही, तो दोष आमचा.

तिथलं पाणी सप्टेंबरातसुद्धा दहा-बारा अंशांचं. कॅनडातच, मॅनिटोबा विद्यापीठात, गॉर्डन गीसब्रेक्ट नावाच्या प्राध्यापकांनी याचा अभ्यास केला. स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून माणसाचं काय होतं ते त्यांनी बघितलं. त्यांचा हिशेब आहे एक-दहा-एक. पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरत नाही, नुसत्या धापा लागतात, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर तिथेच संपलं. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात. मग बोटं वळेनाशी होतात, माणूस कितीही पट्टीचा पोहणारा असो. शुद्ध जायला साधारण एक तास. हा हिशेब बर्फाळ पाण्याचा. दहा अंशांत वेळ थोडा जास्त मिळत असेल, पण ते पहिलं मिनिट तसंच. म्हणजे तास आहे, पण तो कोणाला मिळतो? ज्याचं तोंड पाण्यावर राहतं त्याला. लाइफ जॅकेट त्यासाठी असतं. अंगात घातलेलं, पट्टे आवळलेलं. बाकाखाली ठेवलेलं नाही.

झालं. आता त्याबद्दल लिहीत नाही.

शाळेचा जुना नकाशासंग्रह काढून बसलो आहे. छत्तीस वर्षं मुलांना कॅनडा शिकवला, गहू आणि लाकूड, आणि या किनाऱ्यावर एकदाही बोट ठेवलं नाही याची आता लाज वाटते. तुमची बोट जिथून जाणार ते ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट नावाचं जंगल सुमारे ६४,००० चौरस किलोमीटर. पालघर ते सिंधुदुर्ग आपलं अख्खं कोकण त्यात दोनदा मावेल. २०१६ साली तिथल्या आदिवासी राष्ट्रांनी, सरकारने, लाकूड कंपन्यांनी आणि पर्यावरणवाल्यांनी मिळून जो करार पक्का केला, त्यात ८५ टक्के जंगल तोडीतून सुटलं. वर्षानुवर्षं भांडून का होईना, एका टेबलाशी बसले. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपल्या डोंगरांवर दर मे महिन्यात करवतीचा आवाज येतो तो तुला आठवत असेल.

अस्वलांची मला भीती वाटत नाही, हे आईलाही सांगितलं. या दिवसांत नद्यांतून सामन मासा वर चढत असतो आणि अस्वलांचं लक्ष माशावर असतं. वाटाड्या सांगेल तिथे उभी राहा, तो थांब म्हणाला की थांब. ग्रिझली अस्वलांची शिकार तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१७ पासून बंद केली आहे. पण तुम्हाला पांढरं अस्वल दिसावं असं मला फार वाटतं. ते हिमप्रदेशातलं नव्हे. काळ्या अस्वलांच्याच जातीतलं, आई आणि बाप दोघांकडून तो लपलेला गुण आला तर पिल्लू पांढरं होतं. आईबाप दोघेही काळेकुळकुळीत असले तरी. ग्रिबेल आणि प्रिन्सेस रॉयल या दोन बेटांवर ती जास्त. दिवसा मासे पकडण्यात ती काळ्यांपेक्षा सरस ठरतात, कारण पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला उजळ आभाळात पांढरं अंग चटकन कळत नाही. हे वाचलं आणि तुझे डोळे आठवले. माझे काळे, आईचे काळे, आणि तू जन्मलीस ती आजीचे घारे डोळे घेऊन. दवाखान्यात आत्याने तुला उचललं आणि रडायलाच लागली. आजीला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

अस्वलं मासा ओढून झाडांखाली नेतात, अर्धा खातात, अर्धा टाकतात. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या टॉम राइमकेन यांनी तिथल्या झाडांच्या खोडांत समुद्रातून आलेला नत्र शोधला. म्हणजे सामन जंगलाला खत घालतो. माझी आई माडाच्या आळ्यात मासळीचं कुजकं घालायची ते कोणत्या विद्यापीठात शिकली होती? तिच्यामागे आम्हीही घालायचो, त्या वासाने तू मागच्या दारी पाऊल टाकायची नाहीस. आता तिथे तोच वास येईल, नदीकाठी, मेलेल्या माशांचा. तेव्हा आजीची आठवण काढ.

आणि देवमासे. सगळ्यात हेवा मला त्यांचा वाटतो. हंपबॅक खोल जाऊन हेरिंगच्या थव्याभोवती गोल फिरत बुडबुडे सोडतात, बुडबुड्यांची भिंत होते, मासे मध्ये कोंडतात, आणि मग सगळे एकदम तोंड उघडून खालून वर येतात. ही आपली रापणच की! दोन टोकं धरून सगळ्यांनी मिळून ओढायची. व्हँकुव्हर बेटावरच्या कोल हार्बरला १९६७ पर्यंत देवमासे मारून आणत होते. मारणं थांबलं आणि ते हळूहळू परत आले. दर हिवाळ्यात हवाई आणि मेक्सिकोपर्यंत जाऊन पुन्हा याच खाड्यांत येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत लागलं होतं, तेव्हा मी एसटीने गेलो होतो, तुला बोललो नव्हतो. लोक त्याच्या अंगावर पाणी ओतत होते. दोन दिवसांनी खोल पाण्यात ढकललं, तरी ते वाचलं नाही. त्याचा श्वास मी ऐकला मनू. माणसासारखा, थकून सोडलेला. तू तो जिवंत, धडधाकट देवमाशाचा ऐक. शंभर मीटर लांबूनही ऐकू येईल. त्याहून जवळ बोट न्यायची नाही असा तिथे नियम आहे आणि तो योग्य आहे.

पण बघायला म्हणून तू कठड्यावरून ओणवी होणार, हे मला इथे बसून दिसतं. रात्री तर जास्तच. तिकडेही पाणी चमकतं म्हणे, आपल्याकडे चमकतं तसं. लहानपणी मचव्याच्या काठावरून पाण्यात हात सोडून बसायचीस आणि भाऊ तुझा फ्रॉक मागून धरून ठेवायचा. तिथे फ्रॉक धरायला कोणी नाही. सगळे झोपलेले असताना एकटी डेकवर येऊ नकोस. यायचंच असेल तर कोणाला तरी उठव, आणि जॅकेट घाल. मोठ्या बोटीतून रबरी होडीत उतरताना एक हात नेहमी बोटीला धरलेला हवा. एक पाय इथे, एक पाय तिथे, आणि मध्ये लाट, तिथेच माणूस जातो.

पुन्हा शाळा सुरू केली. माफ कर. तू एकोणतीस वर्षांची आहेस, हे लिहिताना माझ्या लक्षात राहत नाही.

मी असा का आहे त्याचं अर्धं कारण तुला माहीत आहे. भाऊ आमच्यात सगळ्यात चांगला पोहणारा. माझ्याहून, आजोबांहून. मला त्यानेच शिकवलं, आणि मी तुला. तो परत आला नाही त्या रात्री आपल्या बंदरातल्या, पाजपंढरीच्या, अंजर्ल्याच्या होड्या कंदील लावून बाहेर पडल्या. कोणी कोणाला बोलवायला गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी केळशीला. त्यापुढे माझ्याने लिहवत नाही.

म्हणून तुमच्या वाटेवरच्या त्या गावाचं वाचलं तेव्हा मी बराच वेळ उठलो नाही. हार्टली बे. गिटगात आदिवासींचं लहानसं गाव. २२ मार्च २००६, मध्यरात्रीनंतर, क्वीन ऑफ द नॉर्थ नावाची मोठी फेरीबोट गिल बेटावर आपटून बुडाली. बोटीवर १०१ माणसं. त्या गावचे लोक अंथरुणातून उठून आपापल्या होड्या घेऊन अंधारात गेले. ९९ माणसं वाचली, दोन सापडली नाहीत. लोकांना त्यांनी आपल्या गावात नेलं, पांघरुणं दिली, गरम काही दिलं. तुम्ही तिथे उतरलात तर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला माझा नमस्कार सांग. मराठीतच सांग, कळेल त्याला.

आता राहिलेलं अर्धं कारण.

तू तेरा वर्षांची होतीस. मे महिना, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. दिन्याच्या होडीमागून तू बंदरापासून सुवर्णदुर्गापर्यंत पोहत गेलीस, मला न विचारता. मी जेट्टीवर उभा होतो. तुझं डोकं दिसायचं, लाटेमागे जायचं, पुन्हा दिसायचं. किल्ल्याच्या खडकावर चढून तू दोन्ही हात वर केलेस. परत आलीस तेव्हा मी तुला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. तू रडली नाहीस, माझ्याकडे बघत राहिलीस त्या घाऱ्या डोळ्यांनी. त्या संध्याकाळी लिलावाच्या गर्दीत मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, माझी पोर किल्ल्यापर्यंत पोहून गेली. अगदी भाऊसारखे हात मारते. सोळा वर्षं झाली. गावाला सांगितलं, तुला सांगायचं राहिलं.

आईने कुळथाचं पीठ पाठवायला काढलं होतं, ते आता तू परत आल्यावर. लोकरीचे मोजे जास्तीचे ने, ओल्या मोज्यात राहू नकोस. कांदा नाकाशी धरला की बोट लागत नाही असं आत्या म्हणते, तुझं तू बघ.

तू बोटीवर असशील तेव्हाच घातचतुर्दशी येते. भाऊचं पान वाढायचं आहे. त्या दिवशी तुम्ही साधारण कुठे असाल तिथे मी नकाशावर पेन्सिलने खूण केली आहे, गिल बेटाच्या वर थोडी. किटिमाटला उतरलीस की आधी फोन कर. इथे रात्र आहे का दिवस ते बघत बसू नकोस. फोन माझ्या उशाशीच असेल.

तुझा
बाबा