जुनी फोर बाय फोर घेताय? साल नंतर बघा, आधी गाडीखाली जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पंधरा वर्षांवरच्या गाड्यांबद्दल लेख आला होता, तो वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून लिहायला बसलो. लेखाचा सूर असा होता की जुनी गाडी म्हणजे धूर, धोका आणि खर्च, ती काढून टाका आणि नवीन घ्या. शहरातल्या साध्या गाडीचं काय ते मला माहीत नाही पण फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणाऱ्या गाडीला हा हिशोब लावणं मला अजिबात पटलेलं नाही.

माझ्याकडे १९९८ सालची मारुतीची जिप्सी किंग आहे, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळायची जुनी पद्धत), १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन. २००६ साली सेकंडहँड घेतली. चिपळूणपासून वर डोंगरात आमची थोडी काजू-आंब्याची बाग आहे, शेवटचा दीड किलोमीटर रस्ता नुसता लाल मातीचा, जून ते सप्टेंबर तिथे साधी गाडी चढतच नाही. जिप्सी चढते कारण ती हजार किलोच्या आतबाहेरची हलकी गाडी आहे आणि चारही चाकांना ताकद जाते. आपल्याकडे ही गाडी १९८५ च्या शेवटी आली आणि २०१९ ला साध्या गिऱ्हाईकासाठी बंद झाली. लष्कराने वापरली, पोलिसांनी वापरली, ताडोबात वाघ बघायला गेलेली बरीच माणसं हिच्यातच बसलेली असतात. तेवढी हलकी, पाट्यावरची (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवरची) साधी फोर बाय फोर आता नवीन मिळत नाही. म्हणजे लेखात म्हणतात तसं "काढा आणि नवीन घ्या" हा मार्ग आमच्यासारख्यांना नाहीये, आहे ती टिकवायची किंवा दुसरी जुनी शोधायची एवढंच हातात आहे.

आणि त्यासाठी साल बघून काही कळत नाही हो. गाडीखाली जाऊन बघावं लागतं. मला एवढंच सांगायचंय, घेणाऱ्यालाही आणि सरकारलाही.

आमच्याकडे समुद्राची खारी हवा, त्यात चार महिने पाऊस, त्यामुळे गाडी मरते ती गंजाने, इंजिनने नाही. इंजिन उतरवून बांधता येतं, चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सडली की संपलं. वरून नवीन रंग मारलेली चकचकीत जिप्सी बघून लोक हुरळून जातात, पण मागच्या पाट्याचा शॅकल (पाटा टांगणारी कडी) जिथे चेसिसला बसतो तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, बॉडी जिथे चेसिसवर बसते ती जागा बघा, पायाखालचं मॅट उचलून पत्रा बघा. पुट्टी भरलेली असेल तर लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा, जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही. हे बघायला मेकॅनिक व्हावं लागत नाही, जुने कपडे घालून जमिनीवर आडवं व्हायची तयारी लागते फक्त.

मग तेलं. साध्या गाडीवाल्याला इंजिन ऑइल माहीत असतं, फार तर गिअर ऑइल. फोर बाय फोरला गिअरबॉक्स वेगळा, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळी, पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारा गिअरचा गोळा) वेगळा, म्हणजे इंजिन सोडून चार ठिकाणी तेल. मी बघितलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये पुढच्या डिफरन्शियलचं तेल कधी बदललंय हे मालकाला सांगता येत नाही. आणि खरा घोळ तिथेच असतो. गाडी चालून डिफरन्शियल तापलेला असतो, तसाच ओढ्यात घातला की तो झपकन थंड होतो, आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं बारीक तोंड) चोंदलेला असेल किंवा पाण्याखाली गेला असेल तर सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. मग तेल दूध घातलेल्या चहासारखं होतं आणि त्याच्यावर बेअरिंग आणि क्राऊन पिनियन (आतले मुख्य गिअर) फिरत राहतात. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला विनंती करून डिफरन्शियलचा तेलाचा प्लग सैल करा, थोडं तेल बोटावर घ्या. जो मालक नाही म्हणेल त्याची गाडी घेऊ नका. मी स्वतः ब्रीदरला रबरी पाइप जोडून तो वर इंजिनच्या खोलीत नेलाय, काही रुपयांचं काम आहे पण माझ्या मते या गाडीवर केलेलं सगळ्यात उपयोगी मॉडिफिकेशन तेच. दरवर्षी पाऊस संपला की नवरात्राच्या आसपास चारही तेलं उघडून बघतो, प्रोपेलर शाफ्टचे (डिफरन्शियलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस आणि शॅकल पिना ग्रीस करतो.

जिप्सीच्या पुढच्या चाकाजवळ जो गोल नकल (चाक वळवणारा सांधा) असतो तिथलं सील गेलं की डिफरन्शियलचं तेल आणि आतलं ग्रीस मिसळून टायरच्या आतल्या बाजूला काळपट ओघळ येतात. सील काही शे रुपयांचं असतं. पण ते तसंच ठेवलं की आतला जॉइंट जातो, किंगपिनची (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिची) बेअरिंग जातात आणि मग साठच्या आसपास गेल्यावर एखाद्या खड्ड्यात स्टेअरिंग असं थडथडायला लागतं की हातात धरवत नाही. लोक घाबरून व्हील बॅलन्सिंग करून येतात, टायर बदलतात, स्टेअरिंग डँपर नवीन टाकतात आणि दोन महिन्यांनी परत तेच, कारण मूळ दुखणं किंगपिनला आहे. गाडी घेताना मोकळ्या मातीच्या मैदानात फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकून स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा, पुढून कट कट आवाज आला तर जॉइंट गेलेत. फोर लो (चारही चाकं, वेग कमी पण ताकद जास्त) पण टाकून बघा, बऱ्याच गाड्यांमध्ये तो लिव्हर वर्षानुवर्षं हललेलाच नसतो. आणि इंजिनचा टायमिंग बेल्ट किलोमीटरवर सोडू नका, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण हल्ली विकणारे सगळ्याच गाड्यांना एकच नाव लावतात. जिप्सीसारखी फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह या एक नाहीत. जिप्सीत मधला डिफरन्शियल नाही, फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मातीत चाक थोडं घसरून ते जुळवून घेतं पण कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, सगळा ताण ट्रान्सफर केसमध्ये साठतो आणि लिव्हर निघता निघत नाही. म्हणून डांबरावर टू व्हीलवरच चालवायची. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये हे जुळवायला मधला डिफरन्शियल किंवा क्लचसारखं कपलिंग असतं, ती रस्त्यावर बिनधास्त चालते, पण तिला चारही टायर एकसारखे लागतात. दोन नवीन, दोन झिजलेले असे टायर असले की कपलिंगला सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहावं लागतं, तापतं आणि जातं. जुनी ऑल व्हील ड्राइव्ह बघायला गेलात की पहिल्यांदा चारही टायरची कंपनी, साइज आणि नक्षीची खोली बघा, मालकाने गाडी कशी ठेवलीय ते तिथेच कळतं.

माझ्या भाच्याने अशीच एक गाडी पसंत केली होती, परदेशातून पूर्ण तयार होऊन आलेली, ऑल व्हील ड्राइव्ह, लेदर सीट वगैरे, आणि किंमत ऐकून मलाच शंका आली. २२ जुलै २०२१ ला आमच्या चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं, आम्ही ते घरात पाहिलं. बाजारपेठेतल्या कितीतरी गाड्या टपापर्यंत बुडाल्या. त्याच्या दोन वर्षं आधी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला हेच झालेलं. या गाड्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत, धुऊन पुसून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात विकल्या गेल्या. मी भाच्याबरोबर गेलो आणि मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची पिवळट रेघ होती. बेल्टचं शेवटचं टोक कुणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात, टेललाइटच्या आत, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर पण तोच गाळ. त्या गाडीत कपलिंग चालवणारं सगळं इलेक्ट्रॉनिक्स, एकदा पाण्यात गेलं की आज चालेल, सहा महिन्यांनी बंद पडेल आणि पार्ट बाहेरून मागवायला लागतील. भाच्याने टोकन दिलेलं होतं ते विकणाऱ्याने परत दिलं नाही, तरी म्हटलं जाऊ दे, सुटलास.

दुसरा सापळा म्हणजे दिल्लीकडच्या गाड्या. तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आली तेव्हापासून तिकडच्या जुन्या एसयूव्ही इकडे स्वस्तात येतात. गाडी चांगली असूही शकते, पण एनओसी (मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, इथे आणल्यावर रोड टॅक्स परत भरायचा आहे तो आधी विचारून घ्या, आणि चेसिस नंबर कागदावरचा नाही तर चेसिसवरचा स्वतः वाचा. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सीचंही तेच, कागद पूर्ण नसतील तर ती बागेत उभी करायची वस्तू होते.

आता मॉडिफिकेशन. आमच्या भागात पोरं जिप्सी घेतात आणि पहिल्या महिन्यात लिफ्ट (गाडी उंच करणं), मोठे टायर, लोखंडी बंपर, छतावर लाइटची रांग. मला त्यांच्या हौशीबद्दल आदर आहे, गाडीवर प्रेम असल्याशिवाय कुणी एवढा पैसा घालत नाही. पण हिशोब बघा. कंपनीचा टायर २०५/७० आर १५, त्याच्या जागी २३५/७५ आर १५ टाकला की टायरचा व्यास साधारण साडेसहा सेंटिमीटरने वाढतो, म्हणजे डिफरन्शियल जमिनीपासून वर येतो फक्त सव्वातीन सेंटिमीटर. त्या बदल्यात मीटरवर साठ दिसतात तेव्हा गाडी खरी सहासष्टवर असते, चढाला ताकद कमी पडते, ब्रेक उशिरा लागतो आणि तेच किंगपिन, तेच बेअरिंग जास्त वजन ओढतात. शॅकल लांब करून उचललं की कॅस्टरचा कोन (स्टेअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकाचा कल) आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन दोन्ही बदलतात. लोखंडी बंपरवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलेलं आहे, समोरच्या पायी माणसाला तो जीवघेणा आहे आणि ते बरोबरच आहे.

कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही. पण मग साठीच्या माणसाने पॉवर स्टेअरिंग बसवलं तर, तीन पॉइंटचे सीट बेल्ट घातले तर, ब्रीदरचा पाइप वर नेला तर? यातलं काय चालतं आणि काय नाही हे मी तीन ठिकाणी विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. गाडी जास्त सुरक्षित करणारा बदल आणि धोकादायक करणारा बदल दोन्ही एकाच पारड्यात टाकल्यामुळे माणूस विचारायलाच जात नाही, गुपचूप करून टाकतो.

आणि पासिंग, म्हणजे आरटीओची गाडीची तपासणी. २०१८ ला माझ्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाडीला ५,००० झाली, २०२३ ला मी ती भरली. ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० झाली, म्हणजे २०२८ ला मला तेवढे भरायचेत, पर्यावरण कर वेगळा. मी भरेन, गाडी ठेवायची तर भरायला हवेत. पण २०२३ ला जिथे गाडी दाखवायला नेली तिथे नंबर बघितला, लाइट बघितले, हॉर्न वाजवला आणि झालं. खाली कुणी वाकलं नाही. माझ्या मागे रांगेत एक गाडी होती तिचा मागचा शॅकल सडून लोंबत होता, मी तिच्या मालकाला जाऊन दाखवला, तोपर्यंत ती पास झालेली होती. दहा हजार घ्या पण गाडी रॅम्पवर चढवा, चेसिस ठोकून बघा, ब्रेक मशीनवर तपासा, धूर खरोखर मोजा. नापास असेल तर अठरा वर्षांची असो की आठ वर्षांची, थांबवा. पास असेल तर नुसत्या सालावरून दुप्पट पैसे कशाला?

संपादक साहेब, तुमचा वार्ताहर परिवहन खात्याला एवढं विचारू शकला तर फार उपकार होतील की जुन्या गाडीत कोणते बदल परवानगीने चालतात त्याची यादी मराठीत, प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर लावता येईल का. आणि पुढच्या वेळी जुन्या गाड्यांवर लेख करताना एखाद्या मेकॅनिकलाही विचारा. आमच्याकडे कार्ब्युरेटर आणि किंगपिनला हात लावणारे आता साठीच्या पुढचे दोनच मिस्त्री उरलेत, त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी येत नाही, पोरांना लॅपटॉप जोडून गाडी बघायची सवय झालीय. त्यातल्या एकाने मला वीस वर्षांत जे शिकवलं ते मी वहीत लिहून ठेवलंय, कुठलं सील, कुठलं बेअरिंग, कुठे किती शिम (मोकळी जागा भरणाऱ्या पातळ चकत्या). ती वही छापायची असेल तर मी झेरॉक्स काढून पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक
चिपळूण, जि. रत्नागिरी