आई, या एका गोष्टीला गोळ्या नकोत

ठाणे, 9 नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

दिवाळीहून परत आल्यापासून रोज रात्री फोनवर बोलतो, पण जे बोलायचं ते राहूनच जातं. आई, मी विषय काढते आणि तू लगेच मुलांच्या परीक्षेवर जातेस. म्हणून लिहायला बसले. बाबा, हे पत्र दोघांना आहे. 'बायकांचं आहे' म्हणून आई ते बाजूला ठेवील, तुम्ही ठेवू देऊ नका.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पडवीत सुपाऱ्या सोलताना आई हळूच म्हणाली, "मधे दोन-तीनदा डाग दिसला गं. त्या होमिओपॅथीवाल्यांच्या गोळ्या चालू केल्यात, आता नाही दिसत." तेवढ्यात बाबा अंगणातून आले आणि तिनं सूप उचललं. पाळी कधीच गेलेली असताना अंगावरून डाग, तरी मीही गप्प बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं, ते परतीच्या गाडीत वाशिष्ठीचा पूल ओलांडेपर्यंत मनातून गेलं नाही.

आधी माझं सांगते, म्हणजे आई, तुला कळेल की हे मी पुस्तकातून उचललेलं बोलत नाही.

मला आता 48 वं चालू आहे. दीड वर्षापासून पाळी कधी वीस दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. अंगातून वाफा येतात. ऐरोलीला जाताना गाडीत उभी असते आणि छातीपासून वर एकदम आग चढते. मान, कान, कपाळ, सगळं भिजतं. दोन-चार मिनिटांत उतरतं आणि मग थंडी वाजते. रात्री तीनला जाग येते ती येतेच. चिडचिड तर अशी, की मुलाचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी त्याच्यावर खेकसलेली असते.

आणि मग मला चरईतली आपली खोली आठवली. 1999 चा डिसेंबर असेल. मध्यरात्री तू गोधडी भिरकावून मोरीत गेलीस, तोंडावर पाणी मारलंस आणि गॅलरीत जाऊन बसलीस. बाबा वागळे इस्टेटच्या दुसऱ्या पाळीवरून थकून आलेले. ते म्हणाले, "एवढ्या थंडीत दार सताड उघडं काय टाकलंयस?" आणि मी, एकवीस वर्षांची, त्यांची री ओढली. वर मीच म्हणाले, "आईला हल्ली काहीतरी झालंय, सारखी भांडते." तू काहीच बोलली नाहीस. शेजारच्या काकूंना तेवढं ठाऊक होतं, की पाळी जातेय. आम्हा तिघांना घरात राहून कळलं नाही. आई, त्या रात्रीसाठी मी तुझी माफी मागते. हे फोनवर म्हणता आलं नसतं.

बाबा, हे का होतं ते तुम्हाला सांगते. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमी-जास्त व्हायला लागलं की मेंदूत तापमान सांभाळणारी जी जागा आहे ती फार हळवी होते. जराशी ऊब वाढली तरी शरीर घाम फोडून ती घालवायला धावतं. सलग 12 महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण 46-47 च्या सुमारास होतं. वाफा मात्र पुढे काही वर्षं राहू शकतात, कितीतरी जणींना सात-सात वर्षं. आईनं ती सगळी वर्षं डबे भरत, शिकवण्या घेत काढली.

मी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले तेव्हा "वय झालं की होतंच, सहन करा" एवढं ऐकून परत आले. मग ऑफिसातल्या मैत्रिणीनं नौपाड्यातल्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांचं नाव दिलं. पहिल्या बैठकीला त्यांनी तासभर दिला. झोप कशी, राग कशाचा येतो, गरम सोसतं का, रडू येतं का. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिथे रडले आणि हलकी होऊन घरी आले. त्यांनी आधी सेपिया दिलं, नंतर लॅकेसिस. बाबा, सेपिया म्हणजे आपल्या माकूलाची शाई, आणि लॅकेसिस एका सापाचं विष. घाबरू नका. 30 पोटेन्सीपर्यंत ते इतक्या वेळा पातळ केलेलं असतं की गोळीत मूळ द्रव्याचा एक कणही उरण्याची शक्यता नसते.

मला बरं वाटलं, हे खरं. पण त्याच तीन महिन्यांत मी संध्याकाळचा चहा सोडला, जेवण साडेसातला आणलं, सुती चादरी काढल्या, सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारायला लागले आणि पाच किलो वजन उतरवलं. शिवाय वाफा आपल्याआपणही चढतात-उतरतात. मग गुण कशाचा? ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेनं 2015 मध्ये होमिओपॅथीवरचे अभ्यास तपासून सांगितलं, की कुठल्याही आजारावर ती गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही. मी ते वाचलं आणि मला पटलं. त्या तासभराच्या ऐकण्याचं मोल मी कमी करणार नाही. त्या डॉक्टरांचा आणखी एक चांगुलपणा म्हणजे त्यांनीच मला थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन 9.4 निघालं. माझा अर्धा थकवा त्यातला होता, तो लोहाच्या गोळ्यांनी गेला.

चालण्यानं वाफा थांबल्या असं म्हणणार नाही. झोप सुधारली, मन थाऱ्यावर आलं. रात्री आग चढली की पूर्वी 'आता उद्याचा दिवस गेला' असं वाटून जीव आणखी घाबरायचा. आता उठते, पाणी पिते, 'चार मिनिटं आहेत' असं स्वतःला सांगते. विचारांना असं वळण लावण्याची एक रीतसर पद्धत आहे, समुपदेशक शिकवतात, आणि तिचा त्रास सोसायला खरा उपयोग होतो. हॉर्मोनच्या औषधांबद्दलही मी आता डॉक्टरांशी बोलतेय. 2002 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास स्तनाच्या कर्करोगाच्या भीतीनं मधेच थांबवला गेला आणि जगभरच्या बायकांनी ती औषधं टाकली. पुढे तेच आकडे वयाप्रमाणे तपासले, तेव्हा साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केली, आणि बाईला दुसरा धोका नसेल, तर फायदा बहुधा जास्त असं दिसलं.

हे झालं वाफांचं. आई, तुझ्या डागाचं तसं नाही.

तुझी पाळी जाऊन 25 वर्षं झाली. इथल्या माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, पाळी गेल्यावर वर्षानंतर एक थेंब जरी दिसला, एकदाच दिसला आणि थांबला, तरी तपासायचंच. बहुतेक वेळा गर्भपिशवीचं आतलं अस्तर वयानं पातळ झालेलं असतं किंवा छोटा कोंब असतो, आणि त्याचं भय नसतं. पण अशा दहा बायकांत साधारण एकीला पिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघतो. तो डाग दाखवून लवकर कळवतो, म्हणूनच वेळेवर सापडला तर पिशवी काढून बहुतेकदा पूर्ण बरा होतो. आता गोळ्यांनी डाग थांबला असं तुला वाटतंय. मला भीती त्याचीच वाटते. तो आपोआपही थांबतो, आणि थांबला म्हणून आपण निवांत बसतो.

तपासणी मोठी नाही. खालून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. 4 मिलिमीटर किंवा कमी असली तर बहुधा काळजी नसते. जास्त असली किंवा डाग पुन्हा दिसला तर अस्तराचा लहानसा तुकडा तपासायला काढतात. बाई डॉक्टर आहेत, मी तुझा हात धरून बसेन. लघवीला अधूनमधून होणारी जळजळ तीही त्यांना सांग. ती पाणी कमी प्यायल्यामुळेच होते असं नाही, या वयात तिच्यासाठी साधं मलम असतं.

हाडांचीही तपासणी त्याच फेरीत करू. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं फार झपाट्यानं झिजतात आणि तुझी कधी तपासलीच नाहीत. बाईला या वयात दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिळतं, म्हणून सकाळची भाकरी सोडू नकोस, वरून दही घे.

बाबा, आता तुम्हाला. आई म्हणेल, "काही नाही गं, उगाच खर्च." तिचं ऐकू नका. इतकी वर्षं ती एकटीनं हे वागवत आली, कारण आपण विचारलं नाही. तुम्ही तिच्या शेजारी बसून एवढंच विचारा, "डाग पुन्हा दिसला का?" पहिल्यांदा जड जाईल. विचारा तरी.

मांडवी एक्सप्रेसची तुमची दोन तिकिटं 16 तारखेची काढली आहेत, चिपळूणहून. 18 ला सकाळी बाईंकडे नंबर लावला आहे. आईची जुनी फाइल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि त्या पांढऱ्या गोळ्यांच्या बाटल्याही आणा, बाईंना नावं दाखवू. रक्तदाबाची गोळी मधे बंद करू नकोस. मधल्या दिवसांत जास्त अंगावरून गेलं तर 16 ची वाट न बघता चिपळूणलाच दाखवा आणि मला लगेच फोन करा, रात्र असली तरी.

सुपाऱ्या आणू नका, ओझं होईल. मी ठाण्याला फलाटावर असेन.

तुमची,
ताई